चुनी कोणाची?

आमच्या तूरडाळीच्या पाकिटावर माझा फोन नंबर छापलाय, त्यामुळे ऑर्डर कमी आणि प्रश्न जास्त असं चालू असतं. त्यातला एक प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच, की भाऊ, डाळ तुम्ही स्वतः करत नाही, बाहेरून भरडून घेता, मग मिलवाला कसा निवडला? विचारणारे कधी मसाला कांडून घेणाऱ्या बचत गटाच्या ताई असतात, कधी पुण्याची नोकरी सोडून गावात आलेला एखादा पोरगा, त्याला हळद पावडर काढायची असते. दरवेळी फोनवर अर्धा तास जातो, म्हणून आता एकदाच लिहून टाकतो.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातले अकरा शेतकरी आहोत. सगळ्यांची मिळून वर्षाला शंभर-सव्वाशे क्विंटल तूर आम्ही डाळ करून विकतो, बाकीची बाजारात जाते. मग स्वतःचीच मिल का नाही टाकली, असं पण विचारतात. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी डाळ मिल आम्ही पाहून आलो होतो, मशीन चांगली आहे, पण तुरीचं काम नुसत्या मशीनचं नसतं राजेहो. तुरीचं साल डाळीला डिंकासारखं चिकटून असतं, ते सोडवायला आधी रोलरवर घासायचं, तेलाचा हात द्यायचा, मुरवायचं, पाणी द्यायचं, मग उन्हात वाळवायचं, आणि एवढं सगळं करून मग फोडायचं. त्याला आवार लागतं, माणसं लागतात, ऊन लागतं. आणि आमचा माल तीन महिन्यांत संपणार, उरलेले नऊ महिने मशीनवर कोंबड्या बसणार. म्हणून बाहेर द्यायचं ठरलं.

पहिल्या वर्षी जे सगळे करतात तेच आम्ही केलं, चार ठिकाणी भाव विचारला आणि सगळ्यात स्वस्त होता त्याच्याकडे गेलो. बाकीच्यांपेक्षा क्विंटलमागे दीडशे रुपये कमी. दहा क्विंटलचा पहिला लॉट दिला आणि परत आली ६ क्विंटल ६२ किलो डाळ. बाकीचं कुठे आहे म्हटलं तर म्हणे, "चुनी-छिलका मिलवाल्याचा, आपल्या इकडे असंच चालते भाऊ." चुनी म्हणजे भरडताना पडणारा डाळीचा बारीक चुरा, ढोरांना घालतात तो. आता चालते म्हटल्यावर आपण काय बोलणार, आम्ही गप घरी आलो.

दुसऱ्या वर्षी दुसऱ्या मिलवर तेवढाच, दहा क्विंटलचा लॉट टाकला. तूर त्याच वावरांतली, वाणही तोच, मारोती. डाळ आली ७ क्विंटल ८ किलो, चुनी आणि खंडा (म्हणजे तुटलेली डाळ) मिळून १ क्विंटल ६० किलो, छिलका ९५ किलो. बेरीज केली तर ९६३ किलो, राहिलेले ३७ किलो धूळ, माती आणि ओलाव्यात गेले म्हणायचे. सगळ्याची काट्याची चिठ्ठी. त्या वर्षी आमची डाळ १३० रुपये किलोने जात होती, म्हणजे नुसत्या ४६ किलो डाळीचाच फरक ५९८० रुपयांचा. दहा क्विंटलवर १५०० रुपये वाचवायला गेलो आणि जवळपास सहा हजार घालवून आलो, शिवाय चुनी गेली ती वेगळीच. घरी ढोरं होती आणि त्यांना चुनी मी बाजारातून विकत आणत होतो, बायको अजून ऐकवते.

आता पहिल्या मिलवाल्याने चोरी केली असं मी म्हणत नाही. दोन्ही वर्षांची तूर हुबेहूब सारखी असते असंही नाही, दाणा लहान-मोठा होतो, वाळवण कमी-जास्त होते. पण मला जे नंतर समजलं ते असं. रोलर कडक लावला की काम पटकन उरकतं, पण दाणा घासून जातो, तुकडा जास्त पडतो, चुनी वाढते. सावकाश केलं, दोनदा वाळवलं, तर डाळ अख्खी निघते. क्विंटलला ७० ते ७५ किलो डाळ हे चांगल्या कामाचं माप. आणि चुनी ज्याच्या घरात राहणार आहे तो माणूस तुमच्या डाळीसाठी रोलर कशाला ढिला करेल? तो वाईट माणूस नसतो, सौदाच तसा ठरलेला असतो. म्हणून मी आता भाव सगळ्यात शेवटी विचारतो, आधी विचारतो की काम झाल्यावर तुमच्याकडे माझं काय काय राहणार आहे.

हे डोक्यात बसल्यावर मला सगळीकडे चुनीच दिसायला लागली.

पाकीट छापायला दिलं तेव्हाची गोष्ट. रंगीत पाऊच छापायला प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर लागतो, चार रंग म्हणजे चार सिलिंडर, त्याचे पैसे आपल्याकडून आधीच घेतात. मग प्रेस बदलायची म्हटली की सिलिंडर मागायला गेल्यावर कळतं, की पैसे आपले पण वस्तू त्यांच्या गोडाऊनमध्ये, आणि लेखी काहीच नाही. आमचे दोन सिलिंडर गेले ते गेलेच. वेबसाइट करणाऱ्या पोराने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं होतं. वाईट हेतू नव्हता, त्याला सोपं पडलं म्हणून, पण पोरगं हैदराबादला नोकरीला लागलं आणि फोन उचलेना, रिन्यूअल चुकलं, दोन महिने साइट बंद. आणि हिशोबवाला तर कळसच. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पॅकबंद डाळीवर ५ टक्के जीएसटी लागला, तेव्हा घाईघाईत नोंदणी त्याच्याकडून करून घेतली, त्याने मोबाइल नंबर आणि ईमेल दोन्ही स्वतःचे टाकले. दीड वर्षाने माणूस बदलायचा ठरवला तर प्रत्येक ओटीपी त्याच्या फोनवर, आणि तो रुसलेला. शेवटी कागदपत्रं घेऊन जीएसटी ऑफिसला जाऊन नंबर बदलून आणावा लागला. आमच्याच धंद्याची किल्ली आम्ही हौसेने दुसऱ्याच्या खिशात टाकली होती.

मिलकडे परत येतो, कारण माणूस ओळखायचा कसा हे मी तिथेच शिकलो. नवीन मिलवर मी आधी एक दिवस नुसता जाऊन बसतो, शिदोरी घेऊन, लॉट आपला असो नाहीतर दुसऱ्या कोणाचा. पहिला मिलवाला म्हणाला होता, "काहून भाऊ, भरोसा नाही का आमच्यावर?" तेव्हा मला लाज वाटली आणि मी उठलो. दुसरा म्हणाला, "बसा न, खुर्ची आणाले सांगतो, फक्त पट्ट्याजवळ जाऊ नका." आणि चुनीचं विचारलं तर, "घेऊन जा सारी, मले ठेवाले जागा नाही." बसलं की सगळं दिसतं. आपल्या आधीचा लॉट संपल्यावर मशीन झाडतात का, की उरलेली डाळ पुढच्यात मिसळते? वाळवणावर पाऊस आला तर ताडपत्री आहे का? तूर घेताना कट्टा मोजतात तसा परत देताना मोजतात का? भरोसा आहे म्हणून चिठ्ठी नको, हे बोलणं आपल्याकडे फार चालतं, पण माझा अनुभव असा की ज्याचा काटा बरोबर आहे तो चिठ्ठी न मागता देतो.

मोठी मिल चांगली, असंही काही नाही. अकोल्यात तर एकाहून एक मिली आहेत, पण त्यांचं काम टनावारी, आपले दहा क्विंटल म्हणजे त्यांच्या दोन शिफ्टच्या मधली अडचण. ते वेगळा लॉट चालवतच नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे. मग ग्राहकाला आमच्या वावरातली डाळ म्हणून आम्ही कोणाची डाळ पाठवणार?

एक चूक मात्र माझी, ती सांगायलाच पाहिजे. चांगला मिलवाला सापडल्यावर मी त्याचेच पैसे थकवले. पुण्याचा व्यापारी मला उशिरा देतो म्हणून मी याला उशिरा, असं दोन महिने गेलं. कायद्याने म्हणाल तर उद्यम नोंदणीवाल्या लहान युनिटला करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसला तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, पण तो बिचारा कायदा कशाला सांगतोय. त्याने फक्त फेब्रुवारीत, ऐन हंगामात, माझा लॉट रांगेत मागे टाकला. "तुमचं होईन भाऊ, पयले याचं होऊ द्या." मी पंधरा दिवस कट्टे झाकून बसलो. मी त्याला पारखत होतो तेव्हा तोही मला पारखत होता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता डाळ उचलायच्या दिवशीच अर्धे पैसे देतो, बाकीचे महिन्याच्या आत.

कागद आमचा फक्त दीड पानाचा आहे. लॉट वेगळा चालवायचा, चार वजनं लिहायची (डाळ, चुनी, खंडा, छिलका), पैसे कधी द्यायचे, आणि माल खराब झाला तर कोणाचा. सोबत डिलिव्हरी चलन, कारण जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, दिलेला माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे असा जीएसटीचा नियम आहे, आपला तर पंधरा दिवसांतच येतो म्हणा.

परवा दिग्रसकडच्या एका ताईंचा फोन आला होता, मिरची कांडून घ्यायची आहे, दोन डंकवाले पाहिलेत, भाव सारखाच, कोणाकडे जाऊ म्हणे. मी विचारलं, देठं आणि बिया कोणाच्या? त्या गप्पच झाल्या, मग हसल्या. मंगळवारी आमचा लॉट मिलवर जातोय, त्यांना म्हटलं या, दिवसभर बसू. शिदोरी मात्र आपापली आणा, तिथे चहाशिवाय काही मिळत नाही.