सोडायचं कुठे?

"ताई, एवढा जीव लावता, तर सोडून का देत नाही त्यांना?"

आमच्याकडे येऊन गेलेल्या जवळजवळ प्रत्येकानं निघताना हे विचारलंय. शाळेच्या मुलांनी विचारलं, माझ्या सख्ख्या मावशीनंही विचारलं. पिंजरा पाहून ज्याला वाईट वाटतं तोच हे विचारतो, म्हणून मला या प्रश्नाचा राग येत नाही. तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

पुण्याबाहेर मुळशीच्या बाजूला आमची दीड एकर जागा आहे. लोकांनी हौसेनं घेतलेले आणि मग नकोसे झालेले परदेशी प्राणी वनखात्याच्या परवानगीनं इथे सांभाळतो. इग्वाना नावाचे मोठे सरडे आहेत, बॉल पायथन म्हणजे छोटे आफ्रिकन अजगर आहेत, झाडांवरून तरंगत उड्या मारणारे चिमुकले शुगर ग्लायडर आहेत, एक आफ्रिकन ग्रे पोपट आहे. पण निम्म्याहून जास्त आहेत ती कासवं. डोळ्यामागे लाल पट्टा असलेली, दुकानात मोठ्या नाण्याएवढी दिसणारी, 'रेड-इअर्ड स्लायडर' नावाची.

हे कासव मूळचं अमेरिकेतलं, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. आपली देशी कासवं पाळणं गुन्हा आहे, म्हणून दुकानात हे मिळतं. मादी जेवणाच्या ताटलीएवढी होते आणि ३० वर्षं सहज जगते, हे विकताना कुणी सांगत नाही. तीन-चार वर्षांत काचेची टाकी पुरेनाशी होते, पाण्याला वास यायला लागतो, मुलगा दहावीत जातो. मग एखाद्या रविवारी सगळं घर मिळून त्याला तळ्यावर नेतं आणि हात जोडून सोडतं. माझ्या मनाला लागतं ते हे हात जोडणं. देवळात गाभाऱ्यासमोर आपण कासवाला नमस्कार करत आलोय. विहिरीत कासव असलं की पाणी चांगलं राहतं, असं माझी आजी म्हणायची. त्याच भावनेनं लोक हे करतात, आणि पुण्य समजून करतात.

ते कासव तळ्यात मेलं असतं तर एकाच जिवाचं वाईट झालं असतं. ते जगतं. बेडकांची पिल्लं, मासे, पाणवनस्पती, सगळं खातं. उन्हाला बसायचे दगड आणि ओंडके बळकावतं, आणि आपली कासवं खाली पाण्यात राहतात. जगातल्या सर्वांत घातक १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. युरोपीय महासंघानं १९९७ मध्ये त्याची आयात थांबवली, पण तोवर तिथल्या तळ्यांत ती पसरून झाली होती. आम्ही इथे नर आणि माद्या वेगळ्या तळ्यांत ठेवतो. तरीही अंड्यांच्या दिवसांत काठची वाळू रोज चाळावी लागते, कारण मादी नराचं बीज महिनोन्‌महिने अंगात साठवून ठेवू शकते. सापडलेली अंडी आम्ही उबू देत नाही. ते काम मी कुणावर सोपवत नाही, स्वतः करते. अजूनही जड जातं.

आणि इग्वाना? आमच्याकडची सर्वांत जुनी इग्वाना एका फ्लॅटमधून आली. त्या घरात तिच्यावर माया होती. तिला पनीर भरवायचे, रोज खिडकीशी उन्हात ठेवायचे. पण हाडांसाठी लागणारा उन्हातला अतिनील किरणांचा भाग खिडकीच्या काचेतून आत येतच नाही. आली तेव्हा तिचा जबडा रबरासारखा मऊ होता आणि मागचे पाय वाकले होते. आता शेवग्याचा पाला, लाल भोपळा, जास्वंदीची फुलं खाते, उघड्यावर ऊन घेते, तरी झाडावर चढू शकत नाही. डिसेंबरात पारा दहाच्या खाली गेला आणि वीजही गेली की आम्ही रात्रभर गरम पाण्याच्या पिशव्या बदलत बसतो. तिला कुठल्या रानात सोडू?

पोपटाबद्दल लोक म्हणतात, आफ्रिकेला पाठवा. तो पिंजऱ्यात जन्मलेला. त्याचे आईबाप कुठल्या देशातले, याचा कागद नाही. पिसं झडवणारा विषाणू त्याच्यासोबत तिथल्या थव्यात गेला तर? आणि थव्याशी बोलायची भाषा त्याला कुणी शिकवलेलीच नाही. तो संध्याकाळी दाराच्या बेलचा आवाज काढतो आणि "आले, आले" म्हणतो. ज्या आजींचा तो आवाज आहे, त्या आता नाहीत.

२०२२ मध्ये वन्यजीव कायदा बदलला आणि २०२४ च्या नियमांनी यांतल्या बऱ्याच प्राण्यांची नोंदणी सक्तीची केली. तेव्हापासून घाबरलेल्या माणसांचे फोन वाढले. त्यांना वनखात्याशी बोलायला मी मदत करते.

मी ५४ वर्षांची आहे. तळ्यातली लहान कासवं माझ्यामागे राहतील, हे मला दिसतंय. म्हणून मृत्युपत्रात जागेबरोबर त्यांचीही सोय लिहिली आहे.

तुमच्या घरी असं कासव असेल आणि जमेनासं झालं असेल, तर तळ्यावर जाण्याआधी फोन करा. मी एका शब्दानं बोलणार नाही. आणताना पाण्यात ठेवू नका; भोकं पाडलेल्या डब्यात ओला टॉवेल अंथरून त्यावर ठेवा. काय खात होतं, केवढं होतं तेव्हा घेतलं, ते कागदावर लिहून आणा. त्याला हात लावल्यावर मुलांचे हात साबणानं धुवा. आमचं फाटक सहापर्यंत उघडं असतं, पण उशीर झाला तरी या.