मोंताल्चिनोची ब्रुनेल्लो: ग्रेप्पोच्या तळघरात

इटलीतल्या सिएनाहून निघालेली बस वळणं घेत मोंताल्चिनोला चढते. गाव साडेपाचशे मीटर उंचीवर, डोक्यावर 1361 चा किल्ला. तटावरून दक्षिणेला आमियाता डोंगर दिसतो. गारपीट आणि वादळं तोच अडवतो, असं इथले द्राक्षवाले सांगतात.

मला जायचं होतं ते गावाबाहेरच्या ग्रेप्पोला, बिओन्दी-सान्ती घराण्याच्या वाड्यावर. मोंताल्चिनोची ब्रुनेल्लो ही लाल वाइन जगभर पोचली ती या एका घरामुळे. सरूच्या झाडांमधून रस्ता दगडी घरापाशी जातो आणि दोन्ही बाजूंना सांजोवेझे द्राक्षाच्या बागा.

एकोणिसाव्या शतकात इथल्या तोस्काना प्रांतात लाल वाइनमध्ये तीन-चार जातींची द्राक्षं मिसळत, पांढरीसुद्धा, आणि ती ताजी असतानाच पिऊन टाकत. क्लेमेन्ते सान्ती या औषधं बनवणाऱ्या माणसाने वेगळे प्रयोग सुरू केले. त्याचा नातू फेरुच्चो तरुणपणी, इटलीच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या गॅरिबाल्डीच्या फौजेत लढून आला आणि मग बागेत उतरला. चांगले वेल निवडून त्यांचीच लागवड वाढवायची, फक्त सांजोवेझे वापरायचं आणि वाइन लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं मुरू द्यायची, हा त्याचा हट्ट. 1888 ची त्याची वाइन आजही या घराचा मानबिंदू आहे.

तळघरात शिरलं की आधी गारवा जाणवतो, मग लाकडाचा आणि वाइनचा मिसळलेला वास. स्लावोनियाच्या ओकची प्रचंड पिंपं ओळीने उभी आहेत. लाकूड जुनं असल्याने त्याची चव वाइनवर चढत नाही, वाइन फक्त शांतपणे मुरते. दुसऱ्या महायुद्धाची आघाडी जवळ आली तेव्हा फेरुच्चोचा मुलगा तांक्रेदी याने जुन्या बाटल्या भिंत बांधून लपवल्या होत्या. पुढे त्याच्या मुलाने, फ्रांकोने, एक विलक्षण रीत जपली. लोक जुन्या बाटल्या घेऊन ग्रेप्पोला यायचे. बाटली उघडून वाइन चाखायची, चांगली असेल तर त्याच वर्षाच्या वाइनने कमी झालेली जागा भरायची आणि नवं बूच लावायचं. विकलेल्या मालाची इतकी वर्षं जबाबदारी घेणारं घर मी दुसरं पाहिलेलं नाही. फ्रांको 2013 मध्ये गेले. त्यानंतर काही वर्षांतच मालकीचा मोठा हिस्सा एका फ्रेंच घराण्याकडे गेला, याची मला खरंच हळहळ वाटते.

नियमाने ब्रुनेल्लो तोडणीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या जानेवारीआधी बाजारात येत नाही. रिझर्वाला, म्हणजे जास्त मुरवलेल्या खास ब्रुनेल्लोला, आणखी एक वर्ष. ग्रेप्पोत रिझर्वासाठी 25 वर्षांहून जुन्या वेलींचीच द्राक्षं घेतात, तीही चांगल्या वर्षीच.

ग्लासातला रंग फिकट, डाळिंबाच्या दाण्यासारखा आरपार. गडद लाल वाइनची सवय असलेल्याला ती सुरुवातीला अशक्त वाटेल. पण घोट घेतला की आंबट चेरी, ओली माती, आणि मग जिभेवर रेंगाळणारा तुरटपणा. ही घाईने प्यायची वाइन नाही. अर्ध्या तासाने त्याच ग्लासात वेगळंच काही उलगडतं. सोबत मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज हवंच.

आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला फ्रातेल्ली ही वाइन कंपनी हेच सांजोवेझे पिकवते. तिथलं ऊन वेगळं, चवही वेगळी. पण ग्रेप्पोला जाण्याआधी तिथली वाइन जरूर चाखा, फरक लगेच लक्षात येतो. ग्रेप्पोला मात्र आधी वेळ ठरवूनच जा, आणि एक दुपार हाताशी ठेवून सान्तान्तिमोचा मठही बघा.