आयर्विन पुलाचा आलेख: ३१ कमिटचे ९ कसे झाले

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की कृष्णेच्या पातळीचा आलेख तयार झालाय, आता कोड सगळ्यांना देतो. शनिवारी रात्री पुश करायला, म्हणजे कोड इंटरनेटवर चढवायला बसलो, त्याआधी सहज गिटचा (कोडातल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) लॉग उघडला आणि हात थांबला. ३१ कमिट होते, म्हणजे बदलांच्या ३१ नोंदी. त्यातल्या अकरांचा मेसेज नुसता 'फिक्स', तिघांचा 'आता चालतंय', दोघांचा 'तात्पुरतं'. सहा महिने रात्री जागून केलेलं काम, पण कुठल्या कमिटमध्ये काय बदललं हे मलाच सांगता येईना. मग रविवार पूर्ण त्यातच घातला.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. सांगलीत पावसाळ्यात सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न एकच असतो, 'आयर्विनला पाणी किती?' आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल; तिथं ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ च्या वर गेलं होतं आणि आमच्या गल्लीत होडी आली होती. माझा प्रोग्राम रोजच्या पातळ्या घेतो, रेघ काढतो आणि पाणी ४० च्या जवळ यायला लागलं की टेलिग्रामवर घरच्यांना निरोप धाडतो.

आता ज्या एका गोष्टीसाठी ही सगळी झाडलोट केली ती. पातळी लिहितात फूट-इंचात, पण मधे टिंब देऊन. ३९.१० म्हणजे ३९ फूट १० इंच. मी सुरुवातीला तो आकडा दशांश म्हणून वाचत होतो. पाणी ३९.८, ३९.९, ३९.१०, ३९.११ असं चढत गेलं की आलेखात रेघ ३९.९ वरून थेट ३९.१ वर खाली यायची आणि मग एकदम ४० वर उडी मारायची. म्हणजे पाणी इशारा पातळीला टेकायला दोन इंच उरलेले असताना माझा आलेख सांगायचा, पाणी उतरतंय. हे लक्षात आलं तेव्हा पोटात गोळा आला, कारण तो आलेख आई रोज बघते.

नुसता १२ नं भागाकार करूनही काम होत नाही. आकडा एकदा संख्या म्हणून वाचला की ३९.१० मधलं शेवटचं शून्य गळतं आणि १ इंच, १० इंच दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून फाइल मजकूर म्हणूनच वाचायची, टिंबावर तोडायची, मग फूट अधिक इंच भागिले १२. तेव्हा कुठे ३९.१० चे ३९.८३ होतात.

हा बदल माझ्या इतिहासात चार कमिटमध्ये विखुरला होता. एकात रंग बदलण्याबरोबर, एकात फाइलचं नाव बदलण्याबरोबर. मिरजेच्या मित्राला फोन केला तर तो म्हणाला, "एवढं कशाला करत बसतोस लका, सगळं स्क्वॉश कर, एकच कमिट दे." म्हणजे सगळे कमिट एकात मिसळून टाक. मला ते पटत नाही. नदीच्या पातळ्यांवर काम करणारा प्रत्येक जण या खड्ड्यात पाय घालणार आहे. त्याला तो बदल एका जागी, स्वतःच्या मेसेजसह सापडला पाहिजे. एकच थोरला कमिट दिला तर हे सगळं त्यात बुडून जातं.

आधी 'जुनी' नावाची ब्रांच, म्हणजे जुन्या इतिहासाची वेगळी फांदी, काढून ठेवली. मग गिट रीबेस -आय --रूट; यानं पहिल्या कमिटपासूनचा इतिहास नव्यानं रचता येतो. यादी उघडते त्यात सगळ्यात जुना कमिट वर असतो, लॉगच्या बरोब्बर उलट. हे डोक्यात पक्कं असू द्या, नाहीतर फिक्सअप भलत्याच्याच गळ्यात पडतं. बहुतेक 'फिक्स' वाल्यांना मी फिक्सअप लावलं. त्यात कमिट मागच्यात मिसळतो आणि मागच्याचाच मेसेज राहतो. जिथं दोन्ही मेसेजमधलं काही ठेवायचं होतं तिथं स्क्वॉश.

विखुरलेल्या चार कमिटना एडिट लावलं. रीबेस तिथं येऊन थांबला की गिट रिसेट हेड^ करायचं, म्हणजे कमिट सुटतो पण फाइलींतले बदल तसेच राहतात. मग गिट ॲड -पी. तो एकेक तुकडा दाखवून विचारतो, हा घेऊ का? रंगाची ओळ आणि इंचाची ओळ एकमेकींना चिकटून होती, तिथं एस दाबूनही तुकडा फुटेना. शेवटी ई दाबून हातानं ओळी वगळल्या. हे किचकट आहे, पण एकदा हात बसला की आवडायला लागतं.

चौथ्या कमिटमध्ये निरोप धाडणाऱ्या टेलिग्राम बॉटचं टोकन, म्हणजे त्याची गुप्त किल्ली, सरळ कोडात लिहिलेलं होतं. नंतर ते वेगळ्या फाइलमध्ये हलवलं होतं, पण इतिहासात पडून होतंच; पुश केलं असतं तर कुणालाही मिळालं असतं. तो कमिट एडिट करून काढलं. पुढच्या दोन कमिटनी तीच ओळ हलवली होती, त्यामुळे दोनदा कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे कुठला बदल ठेवायचा ते गिटनं मलाच विचारलं. तरीही बॉटफादरकडे (टेलिग्रामवर बॉटची टोकनं देणारा बॉट) जाऊन जुनं टोकन रद्द केलं आणि नवं घेतलं. या बाबतीत नुसत्या झाडलोटीवर विसंबू नका.

दुसऱ्या कॉन्फ्लिक्टच्या वेळी माझ्याकडून निरोप धाडण्याचा अख्खा कमिट गळाला. रीबेस संपल्यावर कळलं. गिट रिफ्लॉगमध्ये, म्हणजे गिटनं ठेवलेल्या हालचालींच्या नोंदवहीत, त्याचा हॅश (कमिटचा ओळख-क्रमांक) सापडला, चेरी-पिकनं तेवढा एक कमिट परत आणला. अशा सुटलेल्या कमिटच्या नोंदी रिफ्लॉगमध्ये एरवी ३० दिवस राहतात, त्यामुळे घाबरून रेपॉझिटरीच (कोडाचं सगळं फोल्डर) उडवू नका.

शेवटी 'जुनी' ब्रांचशी फरक बघायला गिट डिफ जुनी. काहीच छापलं नाही, म्हणजे शेवटचा कोड अक्षरशः तोच राहिला. मग प्रत्येक कमिट स्वतःच्या पायावर उभा आहे का ते बघायला रीबेसला --एक्झेक देऊन प्रत्येक कमिटवर पायटेस्ट (कोडाच्या चाचण्या) चालवली. तिसऱ्यावरच थांबलं: तिथली टेस्ट पाचव्यात येणारं फंक्शन मागत होती. टेस्ट खाली सरकवली, पुन्हा चालवलं, नऊच्या नऊ पास.

एक खबरदारी. हे सगळं मी करू शकलो कारण हे कमिट माझ्या लॅपटॉपबाहेर गेलेच नव्हते. प्रत्येक कमिटच्या हॅशमध्ये त्याच्या मागच्याचा हॅश मिसळलेला असतो, त्यामुळे चौथा बदलला की पुढचे सगळे बदलतात. गेल्या वर्षी दुसऱ्या एका प्रोजेक्टमध्ये मी वाटलेला इतिहास बदलून फोर्स पुश केला, म्हणजे तिथल्या जुन्या इतिहासावर नवा लादला. मित्राकडे जुने कमिट होते, त्यानं पुल केलं (नवे बदल ओढून घेतले) आणि तेच बदल दोन-दोनदा दिसायला लागले. त्याची दोन संध्याकाळची मेहनत ते निस्तरण्यात गेली, याचं मला अजून वाईट वाटतं.

रात्री साडेअकराला पुश केलं. सातव्या कमिटचा मेसेज असा: 'पातळी फूट-इंचात वाचा, दशांशात नाही', आणि खाली ३९.९ ते ४० चं उदाहरण.

मित्रानं सगळ्यात आधी तोच उघडला. पाच मिनिटांत त्याचा मेसेज, "अंकली पुलाचे आकडे तुझ्या शीटमध्ये मजकूर म्हणूनच आहेत ना?" पातळ्यांची शीट उघडली. पूर्ण रकाना संख्यांचा आहे. एका ओळीत ३८.१ आहे, आणि तो १ इंच की १० इंच हे मागच्या-पुढच्या दिवसांचे आकडे बघूनच ठरवावं लागेल. उद्यापासून ते काम.