ब्रॉन्टे बहिणींचं ब्रसेल्स: वरून खाली उतरत जाण्याचा रस्ता

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज कादंबरीकार बहिणी शार्लट आणि एमिली ब्रॉन्टे ज्या शाळेत शिकल्या, ती ब्रसेल्समध्ये आज शोधायला गेलात तर एक वीटही सापडणार नाही. शाळा गेली, बाग गेली, गल्लीही गेली. उरले आहेत ते चढउतार. म्हणून ही फेरी वरच्या गावातून सुरू करून खाली उतरत करावी, असं आमचं ठाम मत आहे. बहुतेक जण सेंट्रल स्टेशनवर उतरून उलट्या दिशेने चढत येतात. मग दमही लागतो आणि शार्लटच्या कादंबरीतला तो प्रसिद्ध जिना 'उतरण्याचा' अनुभवही हुकतो.

आधी थोडं वाचन. वडील पॅट्रिक यांच्यासोबत दोघी बहिणी 14 फेब्रुवारी 1842 च्या संध्याकाळी ब्रसेल्सला पोचल्या आणि दुसऱ्या दिवशी र्यू दिझाबेल या गल्लीतल्या एजे पती-पत्नींच्या शाळेत दाखल झाल्या. पैसे मावशी एलिझाबेथ ब्रॅनवेल यांचे. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर मावशी गेल्या आणि दोघी घरी परतल्या. जानेवारी 1843 मध्ये शार्लट एकटीच परत आली, या वेळी शिकवायलाही, वर्षाला 16 पौंड पगारावर. 1 जानेवारी 1844 ला तिने शहर सोडलं. या दिवसांतून दोन कादंबऱ्या आल्या: 1846 मध्ये लिहून झालेली पण तिच्या मृत्यूनंतर 1857 मध्ये छापली गेलेली 'द प्रोफेसर', आणि 1853 ची 'व्हिलेट'.

फेरीसाठी दोन्ही लागतात, पण वेगवेगळ्या कामांसाठी. 'द प्रोफेसर'मध्ये रस्त्यांची नावं खरी आहेत, त्यामुळे नकाशा म्हणून तीच वापरा. सातव्या प्रकरणात नायक जनरल बेलियार या फ्रेंच सेनानीच्या पुतळ्यापाशी थांबून जिन्यावरून र्यू दिझाबेलकडे पाहतो. तेवढा उतारा जागेवर उभं राहून वाचावा. 'व्हिलेट'मध्ये नावं बदललेली आहेत (गल्लीचं नाव र्यू फॉसेत), पण जागेचा जीव तिच्यात आहे. सगळी वाचायला वेळ नसेल तर सातवं, बारावं, पंधरावं आणि अडतिसावं प्रकरण वाचून निघा. आवृत्ती घेताना एक बघा: 'व्हिलेट'मध्ये फ्रेंच संवाद भरपूर आहेत, तेव्हा शेवटी त्यांचं भाषांतर दिलेलीच प्रत घ्या. नाहीतर ऐन रंगात आलेले प्रसंग हातातून निसटतात.

मेट्रोने 'पार्क' स्थानकावर उतरा (1 आणि 5 क्रमांकाच्या गाड्या). ब्रसेल्समध्ये प्रत्येक पाटी फ्रेंच आणि डच अशा दोन भाषांत असते: र्यू रॉयाल म्हणजेच कोनिंगस्ट्राट, पार्क द ब्रुसेल म्हणजेच वारांदेपार्क. हे डोक्यात नसेल तर फोनवरचा नकाशा आणि समोरची पाटी यांचा मेळ बसत नाही. आधी बागेत जा. 'व्हिलेट'च्या अडतिसाव्या प्रकरणात अफूच्या अमलाखाली असलेली नायिका ल्यूसी रात्री याच बागेतल्या उत्सवात भटकते. बागेतला वाद्यवृंदाचा मंडप 1841 चा आहे, म्हणजे बहिणी आल्या तेव्हा अगदी नवा. त्यांनी पाहिलेलं आणि आजही तसंच उभं असलेलं फार थोडं उरलंय, त्यातलं हे एक. इथे घाई करू नका.

बागेतून र्यू रॉयाल ओलांडली की जनरल बेलियारचा पुतळा, आणि त्याच्यामागे खाली जाणारा जिना. हा या फेरीचा गाभा. आज जिना र्यू बारों ओर्ता या रस्त्यावर संपतो. बहिणींच्या काळी तो आणखी खोल, थेट र्यू दिझाबेलपर्यंत जायचा; शाळेची धुराडी वरच्या रस्त्याच्या खाली राहायची. वर राजवाडा, बाग, श्रीमंत वस्ती आणि जिन्याच्या तळाशी अंधारी, शांत गल्ली. 'व्हिलेट'मधला कोंडलेपणा याच उतारातून आला आहे असं आम्हाला वाटतं, आणि ते नुसत्या पुस्तकातून इतकं कळत नाही. गुडघे दुखत असतील किंवा व्हीलचेअर असेल तर जिना वरूनच पाहा आणि वळसा घालून र्यू राव्हेनस्टाइनने खाली या. उतार आहे, पण पायऱ्या नाहीत.

जिन्याशेजारची मोठी इमारत म्हणजे बोझार, व्हिक्टर ओर्ता यांनी रचलेलं कलाभवन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नव्या वस्तीसाठी जुना भाग पाडला गेला, त्यात शाळा गेली. बोझार 1928 मध्ये उघडलं. राजवाड्यावरून दिसणारा देखावा अडू नये म्हणून त्याच्या उंचीवर बंधन होतं, म्हणून ओर्तांनी बरंचसं भवन जमिनीखाली नेलं. बाहेरच्या भिंतीवर ब्रॉन्टे सोसायटीने 1979 मध्ये लावलेली पाटी आहे. ती नजरेच्या उंचीवर नाही. मान वर करून शोधा, नाहीतर दोनदा चकरा माराल.

मग र्यू राव्हेनस्टाइनवरून खाली तेरार्कन गल्लीचा उरलेला तुकडा पाहा. दोन मिनिटांचं काम आहे, दिसायला काही खास नाही, पण जुन्या गल्ल्या किती खोलवर होत्या याचा अंदाज इथेच येतो.

आता हमखास होणारा एक घोळ. प्लास रॉयाल या चौकाजवळ कौडेनबर्ग या जुन्या राजवाड्याचे भूमिगत अवशेष पाहता येतात आणि तिथे 'र्यू इझाबेल' अशी फरसबंदी गल्ली दाखवतात. लोक समजतात की शाळा इथे होती. नाही. 1731 च्या आगीत कौडेनबर्ग राजवाडा जळाला आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वर नवा चौक बांधताना गल्लीचा हा वरचा भाग गाडला गेला, म्हणजे बहिणींच्या जन्माआधीच. शाळा होती ती त्याच गल्लीच्या उघड्या राहिलेल्या, पुढच्या भागात. तरीही तिकीट काढून आत जाच. सोमवारी बंद असतं, जमीन खडबडीत आहे, आत गारवा असतो. साधारण तास द्या.

शेवटी सेंट गुडुलाचं चर्च (आता कॅथेड्रल). र्यू दिझाबेल मुळात इन्फान्टा (स्पेनची राजकन्या) इसाबेलाला राजवाड्यातून इकडे येता यावं म्हणून काढलेली, त्यामुळे आपण जवळपास तिच्याच वाटेने जातो. सप्टेंबर 1843 च्या सुरुवातीला, सुट्टीत रिकाम्या पडलेल्या शाळेत एकटेपणा सोसेना, तेव्हा प्रोटेस्टंट पाद्र्याची मुलगी असलेली शार्लट इथे कॅथलिक धर्मगुरूसमोर पापांच्या कबुलीला (कन्फेशन) बसली. एमिलीला पत्रातून कळवलं आणि वडिलांना सांगू नकोस म्हणून बजावलं. 'व्हिलेट'चं पंधरावं प्रकरण इथे, एखाद्या बाकावर बसून वाचा. प्रवेश विनामूल्य आहे, पण रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा शनिवार किंवा आठवड्यातला दुसरा दिवस बरा.

एकूण चाल अडीच-तीन किलोमीटर. वाचत, थांबत अर्धा दिवस. दगडी फरसबंदीवर पावसात पाय घसरतो, सपाट चकचकीत तळाचे बूट नकोत. शाळेची पाडण्याआधीची छायाचित्रं फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, जिन्यावर उभं राहून ती समोर धरली की बरंच कळतं. 2006 पासून इथे ब्रसेल्स ब्रॉन्टे ग्रुप ही वाचकांची मंडळी व्याख्यानं आणि पायी फेऱ्या भरवते, इंग्रजीतून. तारखा आधी पाहून त्याप्रमाणे प्रवास आखलात तर सर्वांत उत्तम. पोचल्यावर चौकशी करून काही साधत नाही.

फेरी संपते ती सेंट्रल स्टेशनपाशी. शेजारचीच र्यू द ला प्युतेरी. बहिणींनी पहिली रात्र काढली ते ओतेल द ओलांद याच रस्त्यावर होतं.

इथून पुढे युरोस्टारने लंडन आणि मग ब्रॉन्टेंचं गाव हॉवर्थ असा बेत असेल, तर भारतीय पासपोर्टवाल्यांना शेंगेन (बेल्जियमसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक) आणि ब्रिटन असे दोन वेगळे व्हिसा लागतात. परतीचं विमान शेंगेन देशांतल्या शहरातून असेल तर शेंगेन व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा मागा. एकाच प्रवेशाचा असेल तर लंडनला गेल्यावर तो संपला.