कोकी यानेरो: नोंद चौथी

मागच्या तीन फेऱ्यांचा हिशेब आधी देऊन टाकतो. मानेवर डास, बुटांत चिखल आणि रेकॉर्डिंगमध्ये कोकी यानेरो या बेडकाची हाक शून्य, निदान मला तसं वाटलं होतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: नोकरीमुळे आम्ही प्वेर्तो रिको या कॅरिबियनमधल्या अमेरिकी बेटावर, बायामोनला राहतो. शेजारच्या तोआ बाहामध्ये साबाना सेका इथे गोड्या पाण्याचं, गवता-नेच्यांनी भरलेलं पाणथळ आहे. हा बेडूक तिथे २००५ मध्ये सापडला आणि २००७ मध्ये नवी जात म्हणून त्याचं वर्णन झालं. लांबी जेमतेम दीड सेंटीमीटर. इतर कोकी (‘को-की’ अशा हाकेवरून नाव पडलेले इथले छोटे बेडूक) डोंगर-जंगलांतून, अगदी आमच्या कुंड्यांतूनही ओरडतात. हा मात्र सपाटीवरच्या या ओल्या तुकड्याला धरून आहे. नावातला ‘यानो’ म्हणजे स्पॅनिशमध्ये मैदानच.

आता चूक. पहिल्या दोन फेऱ्या मी फोनच्या साध्या व्हॉइस रेकॉर्डरवर केल्या. घरी येऊन सेटिंग पाहिलं तर सॅम्पलिंग १६ किलोहर्ट्झ! म्हणजे सेकंदाला आवाजाचे १६ हजार नमुने, आणि नोंद होते त्याच्या निम्म्यापर्यंतच. ८ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच नोंदलं जात नव्हतं, आणि यानेरोची हाक साधारण ७.४ ते ८.३ च्या पट्ट्यात. बेटावरच्या सगळ्या कोकींत सर्वात उंच पट्टीचा आवाज याचाच. हाकेचा वरचा भाग मी स्वतःच कापून टाकत होतो.

तिसऱ्या फेरीला नीट रेकॉर्डर, ४४.१ किलोहर्ट्झ, डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी) फाइल. हेडफोन लावून दोनदा ऐकलं, तरी साध्या कोकीच्या ‘को-की’च्या गदारोळापलीकडे काही नाही. फाइल पुसणारच होतो, तेवढ्यात मागून लेक म्हणाली, “बाबा, ते चिक-चिक-चिक काय वाजतंय?”

मला काहीच ऐकू येत नव्हतं. माझं वय ५४, आणि वयाबरोबर असे उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात.

ऑडेसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या पट्टीचा आवाज आहे हे दाखवणारं चित्र, उघडला. खाली एक ते अडीच किलोहर्ट्झमध्ये साध्या कोकीचे जाड पट्टे, मध्ये रातकिडे, आणि आठच्या आसपास बारीक ठिपक्यांची रांग. ऐकू न आलेला बेडूक डोळ्यांनी दिसला! हा किडा नव्हे हे पक्कं करायला प्रसिद्ध रेकॉर्डिंगशी ठिपक्यांमधलं अंतर ताडून पाहिलं. जुळलं.

म्हणून चौथ्या फेरीला लेक सोबत. ती कान, मी मशीन. रस्त्याच्या कडेवरूनच, आत पाऊल नाही. यानेरो बेडूकमाशाच्या अवस्थेतून जात नाही, अंड्यातून थेट चिमुकला बेडूक बाहेर येतो. पण ती अंडी असतात सॅजिटेरिया या पाणवनस्पतीच्या पानांवर आणि देठांच्या बेचक्यांत, एका वेळी एक ते पाचच. एक झुडूप तुडवलं की संपलं. २०१२ पासून तो अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आहे आणि त्याच्यासाठी आखलेला अत्यावश्यक अधिवास अवघा ६१५ एकर.

चाळीस मिनिटांच्या फाइलवर ५ किलोहर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचे आवाज गाळणारा) लावला. लेकीने वहीत ऐकलेल्या हाकांच्या अकरा खुणा केल्या होत्या, मला पडद्यावर नऊ सापडल्या. उरलेल्या दोन कुठे गेल्या यावरून आमचं अजून वाजतंय.