तुम्ही विचारलंत म्हणून: घुमटवाला मेटल का ऐकतो?

मी गोव्यातल्या फोंड्याकडचा माणूस, चवथीला म्हणजे गणेश चतुर्थीला घुमट (चामडं ताणलेलं मातीचं वाद्य) घेऊन घरोघरी आरत्या म्हणत फिरणारा, आणि एरवी कानात मेटल, म्हणजे जड गिटारींचं रॉक. 'तुला हे दोन्ही रुचतं तरी कसं रे?' भाऊबंद विचारतात, ऑफिसातले विचारतात, हल्ली भाचीही विचारते. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

उत्तरादाखल मी एकाच अल्बमचं नाव घेतो: बॅड ब्रेन्स या बँडचा 'आय अगेन्स्ट आय', साल 1986. वॉशिंग्टन डी.सी.चे चौघे कृष्णवर्णीय वादक. आधी जॅझ फ्यूजन वाजवायचे, मग पंक या सुसाट, रांगड्या रॉककडे वळले, आणि रेगे गाणाऱ्या बॉब मार्लीला प्रत्यक्ष ऐकल्यावर जमैकातल्या रास्ताफारी या धर्मपंथाला लागले. बोटं जॅझमध्ये तयार झालेली, घाई पंकची, श्रद्धा जमैकाची. त्यांच्या 1982च्या कॅसेटवर पंक आणि जमैकाचं संथ लयीचं रेगे शेजारी शेजारी नांदतात: काही सुसाट गाणी, मग एक निवांत रेगे, की पुन्हा धावपळ. मजा येते, पण सांधा दिसतो. चार वर्षांनी तो सांधा गेला. दुकानदार हा अल्बम पंकच्या कप्प्यात ठेवतात. माझ्या कानाला गिटार मेटलची आहे आणि चाल रेगेची.

रेगेत 'वन ड्रॉप' नावाचा ठेका असतो. चारांपैकी पहिली मात्रा ड्रमवाला सोडून देतो आणि जोर देतो तो तिसरीवर. आपल्याकडे समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, यायला सगळे धडपडतात, इथे समेची जागाच मोकळी. गिटार दुसऱ्या-चौथ्या मात्रेला चटका देऊन गप्प बसते आणि उरलेलं सगळं बेसच्या वाट्याला येतं. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये बिअरबरोबर ऐकून ऐकून गोव्यात रेगे म्हणजे सुशेगाद, आरामाचं काम, अशी समजूत झाली आहे. वाजवायला बसा, म्हणजे हात आवरून धरायला किती शिस्त लागते ते कळेल.

वर्षानुवर्षं असा हात आवरलेल्या माणसांच्या हाती मेटलचा रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून, आला, की ते तो ठासून भरत नाहीत. या अल्बममधलं 'री-इग्निशन' ऐका. डॉक्टर नो याची गिटार जाड, करकरीत आहे, पण दम घेत चालते. अर्ल हडसनचा ड्रम आणि डॅरिल जेनिफरचा बेस असे काही मागे रेलतात, की पुढचा घाव दुप्पट जड वाटतो.

घुमट वाजवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. उजव्या हाताची थाप चामड्यावर पडते ती सगळ्यांना दिसते. डावा तळवा मागचं लहान तोंड कधी झाकतो, कधी सोडतो, तिकडे कोणाचं लक्ष नसतं. आणि घुमारा येतो तो तिथूनच. नवीन पोरं सगळा जोर उजव्यात लावतात आणि तिसऱ्या आरतीला थकतात. त्यात शामेळवाल्याने, म्हणजे साथीच्या नगारेवाल्याने, काठ्यांची घाई केली, की मग कासाळंही (झांजा) काही सावरू शकत नाही.

राहिला गळा. मेटल म्हणजे नुसती आरडाओरड, असं म्हणणाऱ्यांना मी एच.आर. ऐकवतो. हा गायक गुरगुरता गुरगुरता सरळ वरच्या पट्टीत जाऊन गोड होतो. 'सेक्रेड लव्ह' या गाण्याच्या वेळी तो गांजाच्या प्रकरणात तुरुंगात होता, त्यामुळे निर्माता रॉन सेंट जर्मेन याने त्याचं गाणं फोनवरून ध्वनिमुद्रित केलं. आवाज चेपलेला, पातळ, तारेतून आलेला. सूर मात्र शाबूत. स्टुडिओत कोणी मुद्दाम असा परिणाम साधला असता तर मला तो नखरा वाटला असता.

शब्दांकडे मी फारसा जात नाही. त्यातलं धर्माचं सगळंच मला पटतं असंही नाही.

भाचीचा पुढचा प्रश्न असतो, सुरुवात कुठून करू? 'री-इग्निशन', मग 'शीज कॉलिंग यू', मग शीर्षकगीत. 'हाउस ऑफ सफरिंग' पहिल्याच दिवशी लावलं तर घरचे येऊन बंद करतील. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, त्यात बेस येतच नाही, मग राहिलं काय? बरा हेडफोन घ्या आणि पणजीच्या बसमध्ये बसा. अल्बम जेमतेम अर्ध्या तासाचा आहे. फोंड्याहून निघाल्यावर आरामात एकदा पुरा होतो, वाटेत बाणस्तारीला अडकलात तर दुसऱ्यांदाही.