३३ तासांचा गर्भ ३३ तासांचा नसतो

नाशिकच्या बुधवारच्या बाजारात गावरान अंडी सहज मिळतात. पण विकणाऱ्या मावशींना ‘घरी कोंबडा आहे का?’ असं विचारलं, तर त्या वर-खाली बघतात. कोंबडीच्या गर्भाचं प्रॅक्टिकल करायचं असेल तर विचारायचा पहिला प्रश्न मात्र हाच. दुकानातली पोल्ट्रीची अंडी पिंजऱ्यातल्या लेयर, म्हणजे अंड्यांसाठीच पाळलेल्या कोंबड्यांची असतात, तिथे कोंबडा नसतोच. अशी अंडी इनक्युबेटरमध्ये आठवडाभर ठेवली तरी हाती येईल तो फक्त वास. तपकिरी कवचावरही जाऊ नका. रंग जातीवर ठरतो, अंडं फळलेलं आहे की नाही हे त्यातून कळत नाही.

एक-दोन अंडी बशीत फोडून पाहिली की उलगडा होतो. बलकावरचा पांढरा ठिपका लहान, गच्च आणि वेड्यावाकड्या कडेचा असेल तर अंडं वांझ. ३-४ मिलिमीटरची गोल चकती, मध्ये जरा पारदर्शक आणि भोवती पांढरी कडी, असं दिसलं तर त्याच कोंबड्यांची बाकीची अंडी घ्यायला हरकत नाही.

आता तासांकडे वळू. स्लाइडवर ‘३३ तासांचा गर्भ’ अशी चिठ्ठी असते आणि विद्यार्थी ती वय म्हणून वाचतात. हे घड्याळ आपण अंडं उबेला ठेवलं तेव्हा सुरू झालेलं असतं; गर्भाचं त्याच्या आधीच सुरू होतं. अंडं घातलं जाण्यापूर्वी जवळजवळ एक दिवस कोंबडीच्या पोटात, ४१ अंशांच्या आसपास, पेशीविभाजन चालू असतं. बाहेर पडताना त्या चकतीत हजारो पेशी असतात. एखादं अंडं कोंबडीच्या अंडनळीत जरा जास्त रेंगाळलं, की तेवढं ते पुढे.

त्यात नाशिकच्या हवेची भर. साधारण २० ते २५ अंशांच्या खाली गर्भाची वाढ जवळपास थांबते. मे महिन्यात दुपारी मोटारसायकलच्या डिकीतून आणलेली अंडी ती मर्यादा कधीच ओलांडून गेलेली असतात. अशा अर्धवट उबेत गर्भ नीट वाढत नाही, वेडावाकडा वाढतो. थंडीत उलटा प्रकार. निफाडला पारा ५ अंशांखाली उतरतो त्या दिवसांत गार पडलेलं अंडं इनक्युबेटरमध्ये आतपर्यंत तापायलाच काही तास घेतं, आणि ते तासही आपण गर्भाच्या वयात धरतो. म्हणून अंडी १२ ते १६ अंशांत, जास्तीत जास्त आठवडाभर ठेवावीत. फ्रीजमध्ये नको. उबेला ठेवण्याआधी काही तास खोलीत राहू द्यावीत, नाहीतर गार कवचावर घाम धरतो आणि त्या ओलीतून जंतू छिद्रांवाटे आत शिरतात.

पंखा असलेल्या इनक्युबेटरमध्ये ३७.५ ते ३७.८ अंश आणि ५०-६० टक्के आर्द्रता. थर्मामीटर अंड्यांच्या पातळीवर ठेवायचा. झाकणाला टांगलेला भलताच आकडा सांगतो. अंडं आडवं ठेवून वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करायची, कारण गर्भ तरंगत तिथेच येतो. स्केचपेन वापरू नये, शाई छिद्रांतून झिरपते.

आता फोडणं. सर्वात जास्त गर्भ इथेच जातात. रुंद बशीत ३८ अंशांचं सलाइन घ्या: १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात सोडियम क्लोराइड ७.२ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३७ ग्रॅम, निर्जल कॅल्शियम क्लोराइड ०.१७ ग्रॅम. घाईत मेडिकलमधलं ०.९ टक्क्याचं सलाइनही चालतं. नुसतं डिस्टिल्ड पाणी नको; पेशी फुगतात आणि पुढे जे मोजायचं तेच पुसट होतं. खूण वर ठेवून खालून टिचकी मारायची आणि कवच सलाइनखालीच उघडायचं. बलक सहसा आपोआप फिरून गर्भ वर आणतो.

गर्भाभोवतीचा घट्ट पांढरा भाग चिमट्याने ओढून आणि टिश्यूने टिपून काढा. हे काम टाळलं की पुढचं सगळं फसतं, कारण गर्भ ज्यावर उचलायचा तो कागद या पांढऱ्या भागावर चिकटतच नाही. फिल्टर पेपरचा ३ सेंटिमीटरचा चौकोन, मध्ये दीड सेंटिमीटरचं भोक. गर्भ भोकाच्या मधोमध येईल असा तो ठेवायचा, अर्धा मिनिट थांबायचं, मग कागदाच्या कडेबाहेरून बारीक कात्रीने बलकावरचा पडदा चारही बाजूंनी पटापट कापायचा. रेंगाळलात तर बलक सांडून बशी पिवळी होते. कोपरा धरून कागद तिरका ओढत उचला. सरळ वर उचलला तर पडदा फाटतो. दुसऱ्या बशीत, ताज्या कोमट सलाइनमध्ये, पिपेटने हळूच धुवा.

खालून प्रकाश असलेल्या सूक्ष्मदर्शकात जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा गर्भ दिसतो. मधली रेघ म्हणजे चेतानळी (जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात), आणि तिच्या दोन्ही अंगांना जोडीजोडीने मांडलेले चौकोनी ठोकळे म्हणजे सोमाइट. त्यांतूनच पुढे मणके, फासळ्या, पाठीचे स्नायू आणि पाठीची आतली त्वचा घडते. साधारण दीड तासाला एक जोडी वाढते, म्हणून वय सांगायला यांच्याइतकं भरवशाचं काही नाही. व्हिक्टर हॅम्बर्गर आणि हॉवर्ड हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये कोंबडीच्या गर्भाचे ४६ टप्पे मांडले, त्यात या कोवळ्या दिवसांचे टप्पे सोमाइटांवरच बेतले आहेत: ४ जोड्या म्हणजे टप्पा ८, ७ म्हणजे ९, १० म्हणजे १०, १३ म्हणजे ११. एकाच ट्रेमधली, एकाच वेळी काढलेली दोन अंडी ७ आणि १२ जोड्या दाखवतात, तेव्हा चूक अंड्याची नसते. मोजताना एकच बाजू मोजा, आणि मागच्या टोकाला पूर्ण सुटा न झालेला ठोकळा धरू नका.

१० जोड्यांच्या सुमाराला मेंदूचे तीन फुगे वेगळे दिसतात, पुढच्या फुग्यातून डोळ्यांचे कप्पे बाजूंना निघालेले असतात, आणि हृदयाची नळी वाकून उजवीकडे डोकावते. नुकतीच धडधडायला लागलेली असते, तीही अडखळत. सलाइन गार झालं तर ती थांबते. गर्भ मेला म्हणून टाकण्याआधी कोमट सलाइन घालून पाहा, बहुतेकदा पुन्हा सुरू होते. रक्त मात्र अजून वाहत नसतं. ते १६-१७ जोड्यांच्या आसपास.

हृदयावरून एक नेहमीचा घोळ होतो. कागदाने वरून उचललेला गर्भ पाठीकडून दिसतो, डोकं वर धरलं तर हृदयाचा फुगवटा आपल्याही उजव्या हाताला. स्लाइड करताना तोच उलटा पडला तर फुगवटा डावीकडे जातो, आणि जर्नलमध्ये ‘डावे वळण’ असं लिहिलं जातं. कुठल्या बाजूने पाहतो आहोत हे चिठ्ठीवर आधी लिहा, मग सोमाइटांच्या जोड्या, आणि तास हवेच असतील तर शेवटी, कंसात.